सरड्याच्या घराची सजावट
(वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणमालेतील एक भाषण)



‘गृहसजावट’ या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. पडदे, अभ्रे आणि फुलदाण्या यांविषयी माझ्याहून कितीतरी अधिक जाणणाऱ्या भगिनी इथे समोरच बसल्या आहेत. म्हणून मी जरा आडवाटेचे घर निवडले आहे. सरड्याचे! हसा, खुशाल हसा. परंतु गेल्या खेपेस मी मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहिले, तेव्हा त्या घरात दिवाणखान्याच्या सजावटीवर झाली नसेल इतकी चर्चा माझ्या अकरा वर्षांच्या नातीने पाळलेल्या चिंगीच्या पिंजऱ्यावर झाली.

आधी एक खुलासा करते. कुंपणावर बसून मान वरखाली करणारा आपला नेहमीचा सरडा तो हा नव्हे. हा शॅमेलिऑन. आपल्याकडे याच्या भाऊबंदाला घोयरा म्हणतात. चिमट्यासारखे पंजे, गुंडाळलेली शेपटी, आणि एक डोळा पुढे तर दुसरा मागे फिरवण्याची कला! भारतात या कुळातली एवढी एकच जात आहे. तो विषारी नाही, कुणाच्या वाटेला जात नाही. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा परसात दिसला तर डोळे भरून पाहावा आणि जाऊ द्यावा. घरात आणून ठेवणे हा गुन्हा आहे. चिंगी येमेन देशातल्या जातीची, डोक्यावर शिरपेचासारखा तुरा असलेली. तिकडे ही जात पिंजऱ्यातच पैदास करून विकतात. आपल्या देशात असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, हेही जाता जाता सांगून ठेवते.

चिंगीचा पिंजरा चहूबाजूंनी बारीक जाळीचा, दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. उंची महत्त्वाची, कारण हा जीव जमिनीवरचा नव्हे, फांदीवरचा. नातीने मोठ्या हौसेने तो सजवला होता. तळाशी रंगीत खडे, मधोमध आरसा, प्लॅस्टिकची चकचकीत पाने, आणि दिवाळी आली म्हणून बाहेरून लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. दुकानदारानेच हे सारे गळ्यात मारले होते. पाहणारा ‘वा!’ म्हणे. चिंगी मात्र काळपट पडून कोपऱ्यातल्या काठीमागे लपलेली. कुणी जवळ गेले की अंग चपटे करून तोंड वासायची. दिवसाउजेडी डोळे मिटून बसायची आणि समोर धरलेला नाकतोडा खायची नाही.

आपण म्हणतो, सरडा जिथे बसेल तसा रंग घेतो. तसे नाही हो! निरनिराळ्या रंगांच्या कापडांवर ठेवला म्हणून तो त्या रंगाचा होत नाही. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या एका जातीवर संशोधन केले. कातडीच्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातले अंतर कमीजास्त झाले की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग पालटतो, असे त्यांना आढळले. रंग पालटण्याची कारणे मुख्यतः दोन, ऊन-थंडी आणि मनाची स्थिती. सकाळी दिव्याच्या उबेत काळपट होऊन बसला तर समजावे, अंग शेकतो आहे. अंग शेकून झाल्यावरही काळा तो काळाच राहिला, तर मात्र काहीतरी बिनसले आहे. बाईमाणसाच्या चेहऱ्यावरून घरातले वातावरण कळते ना, तसेच.

तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पिंजऱ्याचा फोटो पाहिला आणि सांगितले, “आधी आरसा काढा.” हा जीव एकलकोंडा. पिंजऱ्यात दुसरा सरडा त्याला खपत नाही, आणि आरशात तर चोवीस तास दुसरा सरडा समोर उभा! काचेच्या पेटीत ठेवू नये म्हणतात त्याचेही हे एक कारण. दिव्यांची माळ गेली. खडे गेले, कारण किड्यावर जीभ मारताना खडा चिकटून पोटात जायचा. तळाशी नुसता कागद आला, रोज बदलायला सोपा. प्लॅस्टिकची पाने गेली, कारण येमेनची ही जात किड्यांबरोबर झाडपालाही खाते, आणि तिला खरे-खोटे पान कळेलच असे नाही.

परंतु हे सारे एका दिवसात केले नाही. डॉक्टरीणबाईंची तशी सक्त ताकीद होती. आज आरसा, चार दिवसांनी खडे, मग एक कुंडी. आपण बाजारातून परत यावे आणि सासूबाईंनी सगळी मांडणी बदललेली असावी, तेव्हा आपले जे होते तेच त्या मुक्या जिवाचे होते.

मग आली खरी सजावट. जास्वंदीची कुंडी, मनीप्लांटचा वेल, छोटासा वडाच्या जातीचा फायकस. पाने पाण्याने स्वच्छ धुतलेली, औषध न फवारलेली. कुंडीतली माती तिने खाऊ नये म्हणून वर तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे गोटे. तिच्या पंजात नीट मावतील अशा फांद्या, काही आडव्या, काही तिरप्या, म्हणजे उबेच्या दिव्याजवळ जावे किंवा गारव्यात उतरावे, हे तिचे तिने ठरवावे. दिव्याखाली सत्तावीस ते एकोणतीस अंश सेल्सिअस पुरे. अतिनील किरणांची एक नळीही लागते, नाहीतर हाडे मऊ पडतात. पण रात्री सारे दिवे बंद, अगदी मिट्ट काळोख. पाण्याची वाटी ठेवली तर ती तिला कळतच नाही. सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा मारायचा, ती पानावरचे थेंब चाटते. तुळशीला पाणी घालण्याची सवय असलेल्या मला ते काम फार आवडे. पिंजराही टीपॉयवरून उचलून उंच कपाटावर ठेवला. वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यांचे भय या जिवाच्या रक्तातच असते; खाली ठेवला की आपण सारेच तिला घारी.

पंधरा दिवसांत चिंगी हिरवीगार झाली. मात्र नात रुसली. म्हणाली, “आजी, आता ती दिसतच नाही गं! नुसती पानंच दिसतात.” मी तिला म्हटले, “अगं, तुझी आई लहान असताना आम्ही चाळीत दोन खोल्यांत नऊ माणसं राहत होतो. मला वेणी घालायची तर दोरीवर लुगडं टाकून आडोसा करावा लागे. त्या लुगड्याएवढी सुंदर वस्तू त्या घरात दुसरी नव्हती.” तिला कितपत कळले कोण जाणे. पण तुम्हांला कळले, हे तुमच्या चेहऱ्यांवरून दिसतेच आहे.

या आडोशाची खरी परीक्षा पुढे झाली. या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते. ती फुटत नाहीत, पण घालावी तर लागतातच. पुष्कळांना हे ठाऊक नसते. घालायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि मादी दगावते. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावल्यामुळे एक फूट खोल डबा ओलसर वाळूने भरून तळाशी ठेवलेला होता. वाळू इतपत ओली, की बोटाने केलेले भोक ढासळू नये. एके दिवशी चिंगीने खाणे टाकले, वरच्या फांद्या सोडून ती खाली येरझाऱ्या घालू लागली, आणि मग वाळू उकरू लागली.

डॉक्टरीणबाईंचा दुसरा हुकूम असा, की ती खणू लागली की कुणी पाहायचे नाही. कुणी बघते आहे असे वाटले, तर अर्धे बीळ सोडून ती उठते. मुलीने पिंजऱ्याला चादर गुंडाळली. जावई पाय न वाजवता चालू लागले. नातीचा जीव नुसता वरखाली होत होता. सारखी विचारी, “आजी, एकदाच बघू?” मी तिला जवळ घेऊन बसले, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसाला का येऊ देत नसत, ते तिला सांगितले, आणि तिच्या आईच्या जन्माची हकिगत सांगितली. रात्र गेली. सकाळीही चादर हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फांदीवर खसखस झाली. चिंगी वर आली होती, मातीने माखलेली, पोट खपाटीला गेलेले. फवारा मारताच कितीतरी वेळ ती पानावरचे पाणी चाटत राहिली. तिने वाळू पुन्हा इतकी सारखी करून ठेवली होती, की अंडी नेमकी कुठे आहेत ते शोधायला नातीला चमच्याने हळूहळू उकरावे लागले. एकेचाळीस निघाली.