खपली, वाघ्या घेवडा आणि इटलीचं सूप



इटालियन जेवण म्हटलं की आपल्यासमोर पिझ्झा येतो, नाहीतर पांढऱ्या सॉसमधला पास्ता. घरी करायचं ठरवलं तर हातात यादी पडते ती पाकिटांची आणि बाटल्यांची, आणि सातारा-सांगलीच्या माणसाला वाटतं, हे काम पुण्या-मुंबईकडचं. मी आज नेमकं उलट सांगायला आलो आहे. इटलीच्या शेतकरी घरांत जे शिजतं, त्यातलं कितीतरी आपल्या कृष्णाकाठी पिकतं, आणि ते आपल्याला थेट शेतावरून मिळू शकतं.

तोस्काना प्रांतात, लुक्का शहराच्या उत्तरेला, गारफान्याना नावाचं डोंगरी खोरं आहे. तिथल्या ‘फार्रो’ नावाच्या गव्हाला १९९६ साली युरोपीय संघाने भौगोलिक मानांकन दिलं. हा फार्रो म्हणजे आपली खपली. दोन्हींची जात एकच, डायकोकम. मळणी झाली तरी हिचं टरफल दाण्याला सोडत नाही, म्हणून ती सडावी लागते. आपण ती सडून गूळ-खसखस घालून खीर करतो. गारफान्यानातली माणसं तिचं घेवड्याबरोबर सूप करतात.

आणि घेवडा तर काय, कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा! त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. फिकट गुलाबी दाणा आणि त्यावर लालसर पट्टे. इटलीतला बोरलोत्ती घेवडा याच्या शेजारी ठेवला, तर भाऊभाऊ वाटावेत इतके दोघं सारखे दिसतात. दोघांचं मूळही एकच. अमेरिका खंडातून निघालेला हा घेवडा त्यांच्याकडेही गेला आणि आपल्याकडेही आला.

आता सूप कसं करायचं ते सांगतो. चौघांसाठी एक वाटी वाघ्या घेवडा रात्री भिजत घाला. सकाळी नव्या पाण्यात, लसणाच्या दोन पाकळ्या सालीसकट टाकून, अगदी मऊ शिजवा. मीठ आत्ता घालू नका. घेवडा त्याच वर्षाचा असेल तर पटकन शिजतो. दुकानात दोन-दोन वर्षं पडलेला दाणा कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी आतून खडाच राहतो. ताजेपणा फक्त भाजीत बघायचा असतो असं नाही, कडधान्यातही तो कळतो. शिजल्यावर अर्धा घेवडा त्याच पाण्यात घोटून घ्या आणि अर्धा अख्खा ठेवा.

दुसऱ्या पातेल्यात तेलावर बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरीचा दांडा मंद आचेवर परता. सेलरी मिळाली नाही तर कोथिंबिरीचे देठ चालतील. कांदा लाल करायचा नाही, नुसता मऊ होऊ द्यायचा, आणि इथे घाई केली तर सगळी चव बिघडते. मग एक पिकलेला टोमॅटो किसून घाला. तिकडे सेज आणि रोझमेरी वापरतात. आपल्या कुंडीतल्या पानओव्याचं एक पान टाका, पण एकच, कारण त्याचा वास दांडगा असतो. आता घोटलेला आणि अख्खा घेवडा, पाऊण वाटी सडलेली खपली आणि भरपूर गरम पाणी घाला. पाऊण तासात खपली फुलते, तरी दाताखाली दाणा लागतो. मीठ आता. मोहरी, हिंग, गरम मसाला यांतलं काहीही नको. आपल्याला फोडणीशिवाय चैन पडत नाही हे खरं, पण इथे चव घेवड्याची आणि गव्हाचीच यायला हवी.

पास्त्याचंही असंच आहे. दक्षिण इटलीत तो अंड्याशिवाय होतो, नुसता ड्युरम गव्हाचा रवा आणि कोमट पाणी. आपला बन्सी गहू त्याच ड्युरम जातीचा, म्हणून तर त्याच्या शेवया चिवट होतात. बारी शहराच्या जुन्या वस्तीत बायका दारापुढे टेबल मांडून हाताने ‘ओरेक्येत्ते’ वळतात. पिठाची बोटाएवढी वळी, तिचे हरभऱ्याएवढे तुकडे, प्रत्येक तुकडा बोथट सुरीने आपल्याकडे ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की झाली वाटी. ज्या घरात रुखवतासाठी गव्हले, नखुले, मालत्या वळल्या गेल्या, त्या घरातल्या आजीला हे एकदा दाखवलं की पुरे. वरून टोमॅटोचा रस घाला. तेलात लसूण, त्यावर साल काढलेले लालबुंद टोमॅटो, मीठ, आणि वीस मिनिटं आटवणं. गॅस बंद केल्यावर सब्जाची चार पानं हाताने तोडून टाका. हो, सरबतात ज्याचं बी घालतो तोच सब्जा. इटलीची बेसिल त्याच जातीची. आपला जरा उग्र असतो, म्हणून चारच पानं.

हे सगळं मी आवर्जून सांगतो त्याला कारण आहे. उसाने आणि जास्त उतारा देणाऱ्या बुटक्या गव्हांनी खपलीला मागे रेटलं. गेल्या शतकात अमेरिकेत गव्हावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखायला जे बारा गहू निवडले, त्यांत खपली होती, आणि ती ‘खपली’ याच नावाने! असा गहू सणाच्या खिरीपुरता उरला तर शेतकरी तो किती दिवस पेरेल? ज्वारीच्या भाकरीइतका नाही, पण महिन्यातून दोन-चारदा तो ताटात आला, तर त्याला गिऱ्हाईक राहील.

खपली मार्चमध्ये निघते, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची घेऊन ठेवा आणि लागेल तशी सडून आणा. नवा घेवडा गणपती-दसऱ्याच्या सुमाराला बाजारात येतो. हे सूप रात्री करून ठेवलं तर सकाळपर्यंत घट्ट होतं. तेव्हा त्यात कढत पाणी घालून सारखं करा, वाढताना वरून चमचाभर ऑलिव्हचं कच्चं तेल सोडा, ते नसेल तर घाण्याचं शेंगदाण्याचं, आणि मिरी ताजी कुटून घाला.