बिलावर नाव कोणाचं?

माझी बहीण मुंबईच्या उपनगरात राहते. तिथे २००९ पासून घरगुती ग्राहकालाही दोन वीज कंपन्यांतून निवड करता येते. आपल्या अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर घरांना महावितरण एकच. २००३ च्या वीज कायद्याने बाजार खुला केला, पण तो मोठ्या ग्राहकांपुरता.

उद्या ही निवड आपल्या दारात आली, तर अर्जावर सही कोणाची? मासळी विकून बारा वर्षं घरचं बिल मी भरते. त्यावर नाव मात्र कैलासवासी सासऱ्यांचं! याच कायद्याचं कलम ४३ सांगतं, जागेचा मालक किंवा भोगवटादार, दोघंही वीजजोडणी मागू शकतात. भोगवटादार म्हणजे तिथे राहणारी बाईसुद्धा.

तेव्हा बायांनो, आज घरी गेल्यावर आधी बिलावरचं नाव वाचा.