सोडा कोणता?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. रसायनशास्त्रावर बोलणारी ही कोण, असे कुणाच्या मनात आले तर नवल नाही. पण मला शास्त्र सांगायचे नाही. शास्त्रातले चार शब्द सांगायचे आहेत, आणि तेही आपल्या मोरीत नि फडताळात बसलेले.

पहिला शब्द सोडा. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. आंबट ताकात तो पडला की कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे बुडबुडे निघतात, म्हणून ढोकळा फुगतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो अधिक तीव्र. तिसरा कॉस्टिक सोडा, घरी साबण करणाऱ्या बायका आणतात तो. पाण्यात टाकला की पाणी कढत होते, आणि कातडीला लागला तर भाजते. तिन्ही पांढरे, आणि आडनाव एकच! तेव्हा डब्यावर नुसते ‘सोडा’ लिहू नये, पुरते नाव लिहावे.

दुसरी जोडी आम्ल आणि आम्लारी. आम्ल म्हणजे आंबट. लिंबू, चिंच, ताक यांत असते ते. आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि मोरी धुण्याच्या ॲसिडातही बहुधा तेच, मात्र बाटलीतले कितीतरी जहाल. आम्लारी हा शब्द मुलाच्या पुस्तकात पाहिला आणि मला फार आवडला. अरी म्हणजे शत्रू, आम्लाचा शत्रू! चुना आणि तिन्ही सोडे या गुणाचे. दोघे योग्य प्रमाणात भेटले की दोघांचाही जोर ओसरतो. याला उदासिनीकरण म्हणतात. कुणी उदास मात्र होत नाही, बरे का.

पण शब्दावर फार विसंबूही नये. हातावर ॲसिड सांडले तर शत्रू म्हणून वर सोडा चोळायचा नाही. त्या झटापटीत उष्णता निघते आणि जखम वाढते. हात वाहत्या नळाखाली 20 मिनिटे धरावा, मग डॉक्टरांकडे जावे. मुलाच्या पोटात गेले तर ओकारी काढवू नये. जाताना घसा भाजला तो वर येताना पुन्हा भाजतो. तडक दवाखाना गाठावा, आणि बाटली बरोबर न्यावी.

ब्लीचिंग पावडरीचे पुस्तकी नाव विरंजक चूर्ण, म्हणजे रंग घालवणारे. आमच्या आळीत एका बाईंनी मोरीत हे चूर्ण टाकले आणि वर ॲसिड ओतले. दोन वस्तू म्हणजे दुप्पट स्वच्छता, हा हिशेब! त्यातून क्लोरीन वायू उठला. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, बेल्जममध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सोडला होता तोच. बाईंचे दार उघडे होते म्हणून त्या खोकत का होईना, बाहेर आल्या. या दोन वस्तू कधीही एकत्र करू नका. एकाच दिवशी एकाच मोरीतही नको.

आता उरला ‘दर्शक’, म्हणजे ओळख पटवणारा. तो आपल्या मिसळणाच्या डब्यातच आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, कारण साबणाचे पाणी आम्लारी गुणाचे. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यातही हेच घडते. आपल्या आज्या-पणज्यांना नाव ठाऊक नसेल, पण काम ठाऊक होते.

हळदीत भिजवून वाळवलेले कागद मी आणले आहेत. टेबलावर तीन वाट्यांत ताक, साबणाचे पाणी आणि धुण्याचा सोडा ठेवला आहे. चहा येईपर्यंत एकेकीने येऊन कागद बुडवून पाहावा. चाखून मात्र कुणी पाहू नये.