मदतीची रक्कम आणि पहाणीवरील नाव

(सीमाभागातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



कोरोनाने झालेला देशातील पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये आपल्या कलबुर्गीत नोंदला गेला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. बाजार बंद, लग्नसराई बंद; गाणगापूरसारख्या क्षेत्री भाविकांची ये-जा थांबली. फुले झाडावरच सुकली आणि भाजीपाला शेतातच सडला.

अशा वेळी कर्नाटक शासनाने मे २०२० मध्ये मदत जाहीर केली. फूल उत्पादकांना हेक्टरी २५,००० रुपये, कमाल एक हेक्टरपर्यंत. फळे व भाजीपाल्यासाठी हेक्टरी १५,००० रुपये. मका उत्पादकांना प्रत्येकी ५,००० रुपये. सन २०२१ च्या दुसऱ्या लाटेत फुले, फळे व भाजीपाला यांसाठी हेक्टरी १०,००० रुपये ठरले. याखेरीज प्रधानमंत्री किसान योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिल २०२० मध्येच देण्यात आला.

हिशेब साधा आहे. वीस गुंठे झेंडू असलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला पहिल्या वर्षी सुमारे ५,००० रुपये येत होते. नुकसानीच्या मानाने रक्कम अल्प खरी; परंतु पुढील पेरणीच्या बियाण्याला तिचा आधार होता.

मात्र ही मदत हातात रोख मिळणारी नव्हती, ती बँकेच्या खात्यात जमा होणारी होती. पहाणीवरील नाव, पीक पाहणीतील नोंद, आधार आणि बँक खाते यांचा मेळ बसला, तरच मार्ग मोकळा. येथेच आपला सीमाभाग अडखळतो. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील अनेक घरांत मराठी बोलली जाते. पहाणी मात्र कन्नडमध्ये असते. तीवर काय लिहिले आहे, हे ज्याची जमीन त्यालाच वाचता येत नाही. वडील वारून वर्षे लोटली तरी जमीन त्यांच्याच नावावर राहते. विधवा भगिनी शेत कसते, पण कागदावर ती कोठेच नसते.

वाटेकऱ्याची अडचण याहून मोठी आहे. बियाणे त्याचे, कष्ट त्याचे आणि नुकसानही त्याचेच. नोंद मात्र मालकाची. किसान योजनेचा लाभही जमीनधारक कुटुंबालाच आहे. हा दोष वाटेकऱ्याचा नव्हे. नियमांतील ही उणीव अधिकाऱ्यांनी वरिष्ठांच्या नजरेस आणणे अगत्याचे आहे. तोवर जमीनमालकांनी मिळालेल्या मदतीतून वाटेकऱ्याला त्याचा वाटा द्यावा, हाच न्याय होय.

माझी विनंती तीन गोष्टींची आहे. वारसांनी नाडकचेरीत अर्ज करून पौती खाते वेळीच करून घ्यावे. पीक पाहणीच्या वेळी शेतकऱ्याने स्वतः बांधावर हजर राहून आपल्या पिकाची नोंद बरोबर झाली की नाही, हे पाहावे. रयत संपर्क केंद्रात फ्रूट्स नोंदणी तपासून घ्यावी आणि खाते आधारशी जोडलेले असल्याची बँकेत खात्री करावी.

शिक्षक मित्रहो, आपणांस दोन्ही भाषा येतात. महिन्यातून एक सायंकाळ शाळेच्या ओट्यावर बसून गावकऱ्यांना त्यांची पहाणी वाचून दाखवा. चूक सापडली तर अर्ज लिहून द्या. संकट सांगून येत नाही. नोंद मात्र आजच दुरुस्त करता येते.