सोल चांगला आहे, पण पाय त्यात असतो किती वेळ?

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

मित्र-मैत्रिणींनो, घरात कुणाला शुगर आहे असं विचारलं, तर जवळजवळ सगळे हात वर आले. नवल नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आता दुसरा प्रश्न. त्या माणसाचे तळपाय तुम्ही शेवटचे कधी पाहिलेत? बघा, सगळे हात खाली!

मी आज एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. बुटात किंवा चपलेत बसवायचा, पायाच्या मापाने बनवलेला सोल.

बुटात खडा गेला तर तुम्ही दोन पावलांत थांबता. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात आणि हा इशाराच बंद पडतो. चवड्याखाली हाडाचं टोक असतं, त्याच एका जागी दिवसभर हजारो पावलांचा दाब पडत राहतो. आधी घट्टा होतो, मग घट्ट्याच्या आत रक्त साकळतं, मग जखम. दुखत नाही म्हणून अब्बा चालत राहतात. रोज ड्रेसिंग होतं, महागड्या गोळ्या चालू असतात, आणि दवाखान्यातून घरी येताना त्याच जखमेवर अख्ख्या देहाचं वजन पडतं. अशी जखम भरणार कशी? बोट किंवा पाय कापायची वेळ बहुतेकदा अशाच एका जखमेपासून सुरू होते.

हे ज्ञान आपल्याच देशात कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना वाढलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोगात पाय आपोआप ‘सडत’ नाहीत. बधिर झालेल्या पायावर पुन्हा पुन्हा पडणारा दाब त्यांना जखमी करतो. प्लास्टर घालून दाब काढला की जखमा भरायच्या. त्यातूनच मऊ रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला आल्या. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तिथून हाच विचार मधुमेहाच्या पायांपर्यंत पोहोचला.

सोलचं काम काय? खिळ्यावर हात दाबा आणि पाटावर दाबा. जोर तोच, पण पाटावर तो पसरतो. पायाचा ठसा फोममध्ये किंवा प्लास्टरमध्ये घेऊन त्यावर सोल घडवतात. वरचा थर मऊ, खालचा जरा टणक, म्हणजे आकार टिकतो. तळव्याच्या कमानीखाली भर देतात, त्यामुळे चवड्यावरचा भार तिकडे वाटला जातो. सोय असेल तिथे बुटात सेन्सरची पट्टी घालून दाब मोजतात. धोक्याच्या जागी तो २०० किलोपास्कलच्या खाली यावा किंवा निदान ३० टक्क्यांनी कमी व्हावा, असं लक्ष्य असतं. बूटही खोल लागतो, नाहीतर सोल पाय वर उचलतो आणि बोटं वरच्या चामड्याला घासतात. दुकानात मिळणारी जेलची गादी म्हणजे हा सोल नव्हे. आणि घरी गादीला भोक पाडून जखमेखाली ठेवू नका. भोकाच्या कडेवर उलट दाब वाढू शकतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, सोल विकणाऱ्यांना आवडणार नाही. तळव्याची जखम उघडी असताना नुसता सोल पुरत नाही. तेव्हा पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या, काढता न येणाऱ्या प्लास्टरला किंवा बुटाला असते. अर्थात पायाचा रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्ग डॉक्टरांनी तपासल्यावरच. सोलची खरी गरज जखम भरल्यानंतर असते, कारण भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. सोल कायम वापरायचा, आणि दबून चपटा झाला की बदलायचा.

‘काढता न येणाऱ्या’ यावर एवढा भर का? अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ आठवड्यांत प्लास्टरवाल्यांपैकी सुमारे ९० टक्के बरे झाले, काढता येणारा बूट घालणाऱ्यांपैकी ६५ टक्के. मग २००३ च्या अभ्यासात रुग्णांची पावलं मोजली. काढता येणारा बूट पायात असताना टाकलेली पावलं होती फक्त २८ टक्के! बाकीची त्याशिवाय.

ही अमेरिकेतली गोष्ट. आपण तर उंबऱ्यावरच चपला काढतो. अम्मी दिवसातले कितीतरी तास स्वयंपाकघराच्या लादीवर अनवाणी उभी असते. तिचा महागडा सोल दाराबाहेर पडून असतो आणि ती बाजारात गेली तरच पायात येतो. म्हणून दोन जोड हवेत. एक रस्त्याचा, आणि दुसरा रस्त्याला कधीच न लागलेला, घरातला.

तो दुसरा जोड मशिदीतही चालावा, हा माझा आग्रह आहे. नबी (स.) यांनी पायताण घालून नमाज पढल्याची हदीस बुखारीत आहे. तेव्हा कमिटीशी, इमामसाहेबांशी अदबीने बोला. पाय बधिर असलेल्या बुजुर्गांना स्वच्छ जोडासह आत येऊ द्या, त्यांच्यासाठी काही खुर्च्या ठेवा. कायद्यात बसताना बोटं दुमडतात आणि दाब नेमका चवड्यावर येतो. त्यांना खुर्चीवर नमाजची मुभा आहे. मे महिन्यात सहनची फरशी तापते. तुम्ही उड्या मारत आत पळता, दादाजी शांतपणे चालत जातात आणि रात्री तळव्याला फोड दिसतो. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. पाणी गरम असेल तर आधी दुसऱ्या कुणीतरी कोपराने तपासायचं. ड्रेसिंग किंवा प्लास्टर असेल तर त्यावर मसह करण्याची सवलत फिकहमध्ये आहे. तरी शंका असेल तर आलिमांना विचारा, पण पट्टी सोडून पाय भिजवू नका.

सोल कुठे मिळेल? मोठ्या सरकारी रुग्णालयांत कृत्रिम अवयव विभाग असतो, तिथे चौकशी करा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे, तिथे हे काम होतं. जाताना जुने बूट सोबत न्या. त्यांची झीज पाहूनच बरंच कळतं.

आणि आज रात्री एवढं करा. अब्बांना किंवा अम्मीला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा जागी टोकाला एकेक करून बोट हलकेच एक-दोन सेकंद टेकवा. दाबू नका, घासू नका. कळलं की त्यांनी ‘हो’ म्हणायचं, उजवा की डावा तेही सांगायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर याच आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवा. मग तळवा पाहा, आणि त्यांच्या बुटात हात घालून आत खडा, खिळा, शिवणीची गाठ आहे का तेही चाचपा.