खबर आणि खबरदारी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



साथीच्या रोगात समाजमाध्यमांची भूमिका, असा भारदस्त विषय मला देण्यात आला आहे. माझ्या दृष्टीने तो अगदी घरगुती विषय आहे. मोबाईलवर आलेली खबर आपण पुढे पाठवितो. तिच्यामुळे कोणाचा जीव वाचतो, कोणाचा धोक्यात येतो, एवढाच तो विषय.

2020 च्या मार्च-एप्रिलचे दिवस आठवा. दिल्लीच्या निजामुद्दीन येथील तबलीगी जमातच्या मेळाव्यानंतर कोरोनाला जणू आपल्याच समाजाचे नाव देण्यात आले. पोलिसावर थुंकणाऱ्या एका माणसाची चित्रफीत त्या वेळी देशभर फिरली आणि तो जमातीचा असल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती फेब्रुवारी 2020 अखेरची, मुंबईतील एका कच्च्या कैद्याची होती. कोरोनाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण भाजी विकणाऱ्या आपल्या माणसाला गल्लीतून हाकलले जात होते, तेव्हा ही शहानिशा कोण वाचत बसणार? पुढे 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचे बकरे करण्यात आल्याची शक्यता बोलून दाखविली. निकाल आला, पण तो आला तोवर पाच महिने निघून गेले होते. खोटी खबर मात्र एका रात्रीत पोहोचली होती.

या अन्यायाबद्दल आपण पुष्कळ बोललो, आणि बोलायलाच हवे होते. परंतु आज मला दुसऱ्या एका खबरीबद्दल बोलायचे आहे. ती बाहेरून आपल्यावर फेकलेली नव्हती. ती आपणच आपल्या मुलांवर फेकली.

27 नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना शाळाशाळांतून ही लस टोचण्यात येत होती. मी तेव्हा एका शाळेत शिकवीत होतो. मोहिमेच्या आदल्या दिवशी एक पालक माझ्याकडे आले आणि मोबाईल माझ्या कानाला लावून त्यांनी एक ध्वनिमुद्रित निरोप ऐकविला. या सुईने मुले पुढे नपुंसक होतात, हे आपली संख्या घटविण्याचे कारस्थान आहे, असे कोणी तरी मोठ्या कळकळीने सांगत होते. बोलणारा कोण, कुठला, काही पत्ता नाही. "सर, काय करू?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "तुमची मर्जी." दुसऱ्या दिवशी वर्गातली निम्मी बाके रिकामी होती.

मला ती खबर खरी वाटली नव्हती. तरीही मी गप्प राहिलो, कारण लोकांच्या रोषाला कोण तोंड देणार? ही माझी चूक आज या व्यासपीठावरून मी कबूल करतो.

त्यानंतर चार वर्षांनी, 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मुंबईत गोवंडी भागात गोवराची मोठी साथ आली. मालेगाव आणि भिवंडी येथेही उद्रेक झाला. मुले दगावली. याचे सारे खापर अफवांवर फोडणे बरोबर नव्हे. कोरोनाच्या काळात नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले होते, दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ माणसे राहत होती, मुलांचे पोषण अपुरे होते. पण लशीची भीती हेही एक कारण होते. गोवराचा एक रोगी, भोवती कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना रोग देतो. म्हणून शंभरातील पंच्याण्णव मुलांना लशीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या तरच साथ अडते.

काही पालकांना लशीत काही हराम तर नाही ना, अशी शंका असते. शंका प्रामाणिक आहे. तिची थट्टा करू नये. इंडोनेशिया हा कोट्यवधी मुस्लिमांचा देश. तेथे पुण्यात बनलेली हीच गोवर-रुबेला लस वापरली जात होती. तिच्या निर्मितीत डुकरापासून मिळणाऱ्या घटकाचा वापर झाल्याचे तेथील उलेमा परिषदेने ऑगस्ट 2018 मध्ये सांगितले. पण दुसरा पर्याय नाही आणि मुलांच्या जिवाला धोका आहे म्हणून वापरास मुभाही दिली. या निर्णयाचा पहिला अर्धा भाग मोबाईलवर भराभर धावतो. उरलेला अर्धा कोण पाठविणार?

मोबाईल फेकून द्या, असे मी म्हणत नाही. एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत याच मोबाईलवर आपल्या तरुणांनी रात्र-रात्र जागून प्राणवायूचे सिलिंडर शोधले, खाटा शोधल्या. ज्यांच्यासाठी शोधल्या त्यांचा धर्म कोणी विचारला नाही. आपली गाऱ्हाणी समाजमाध्यमांवर मांडणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही 30 एप्रिल 2021 रोजी बजावले होते. मात्र त्या यादीतले कित्येक नंबर शिळे होते. संध्याकाळी संपलेला सिलिंडर सकाळपर्यंत फिरत राही आणि रोग्याचे नातेवाईक व्यर्थ धावत. ज्या मुलांनी प्रत्येक नंबरावर आधी स्वतः फोन लावला आणि पुढे तारीख-वेळ लिहिली, त्यांची यादी उपयोगी पडली.

मुला-मुलींनो, घरात आई आणि दादी येणारा निरोप तुमच्याकडूनच वाचून घेतात. निरोपावर दोन बाण दिसले, तर तो अनेक हातांतून आला आहे असे समजा. व्हॉट्सॲपने एप्रिल 2020 पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, अशी अट घातली ती उगीच नव्हे. बोलणाऱ्याने आपले नाव सांगितले आहे का, गाव आणि तारीख सांगितली आहे का, हे पाहा. निरोप खोटा निघाला तर नुसता पुसून टाकू नका. ज्या ग्रुपवर आला तिथेच, आपल्या साध्या बोलीत, अदबीने उत्तर लिहा. मोठ्यांना उलट उत्तर दिल्यासारखे वाटेल, वाटू द्या. शहानिशा करण्याची शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे, हे तुमच्यापेक्षा त्यांनाच अधिक माहीत आहे.

आणि पालकांनो, लशीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते. ती चुकली असेल तर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सरकारी केंद्रात मोफत मिळते. कार्ड हरवले असेल तर संकोच करू नका. आरोग्यसेविकेला किंवा आशाताईंना तसे सांगा, त्या नवीन कार्ड करून देतील. ज्यांना एकटे जायला अवघड वाटते त्यांनी माझ्याबरोबर यावे. शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर मी शाळेच्या फाटकापाशी थांबेन.