साइटवरची वर्षं कुठे जमा होतात?

प्राध्यापक, वास्तुविशारद, अभियंते, बांधकाम व्यावसायिक आणि मागच्या रांगांत बसलेल्या माझ्या सुपरवायझर मित्रहो,

काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं, हे पंचवटीतलं पोरसुद्धा सांगतं. त्याचा दगड घडवणाऱ्या एका तरी पाथरवटाचं नाव आपल्यापैकी कुणाला सांगता येईल? आज २०२७च्या सिंहस्थाची कामं निघाली आहेत. तिथे लाइन-आउट देणारा, सळयांचा तक्ता वाचून बारबेंडरला समजावणारा, कव्हर ब्लॉक नसेल तर स्लॅब अडवणारा माणूस बहुधा आयटीआय किंवा पदविका झालेला असतो. त्याला पुढे शिकायचं असेल तर वाट कोणती, एवढंच मला आज बोलायचं आहे.

सिव्हिलकडची वाट बरी आहे. दोन वर्षांचा आयटीआय करून तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. वास्तुकलेत मात्र सापशिडीचा साप बसलाय. तीन वर्षांची पदविका केलेल्या, नकाशे काढून बोटं झिजवलेल्या मुलाला ‘नाटा’ देऊन बी.आर्क.च्या पहिल्याच वर्षात बसावं लागतं. पुढे पाच वर्षं. म्हणजे दहावीनंतर आठ. घरचं भाडं भरणाऱ्याला हे परवडत नाही. तो ड्राफ्ट्समनच राहतो आणि त्याच्या रेखाटनावर सही दुसऱ्याची होते.

दर्जा सांभाळायला हवा, हे मला मान्य आहे. पण इतिहासही पाहा. पुण्याचं सीओईपी १८५४मध्ये सुरू झालं, ते सार्वजनिक कामांसाठी हाताखालची माणसं तयार करायला. जे.जे.तली वास्तुकलाही १८९६च्या ड्राफ्ट्समनच्या वर्गातून वाढली. आणि १९७२चा वास्तुविशारद कायदा आला तेव्हा पदवी नसलेल्या, पण आधीची किमान पाच वर्षं वास्तुविशारद म्हणून व्यवसाय केलेल्यांना नोंदणीची मुभा त्यात होती. अनुभव तेव्हा मोजता आला. नंतर ते दार बंद झालं, आणि आत आलेल्यांनी ते पुन्हा उघडायची फारशी घाई केली नाही. (हसू नका, मीही आतलाच.)

इमारत कामगारांसाठी आपण बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर भरतो. त्यातून कामगाराच्या मुलांना शिक्षणासाठी मदत मिळते. उत्तमच. पण ज्याच्या हातात कसब आहे, त्या मिस्त्रीच्या वीस वर्षांचं श्रेयांकात रूपांतर कोण करणार? नव्या शैक्षणिक धोरणात पूर्वज्ञानाला मान्यता आहे, श्रेयांक पेढी आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळी पदविका-पदवीचे वर्ग चालवायला एआयसीटीईची परवानगी आहे. मुक्त विद्यापीठ तर १९८९पासून आपल्याच नाशकात आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय इथे पंचवटीत आहे. कागद जमलेत, काम अडलंय ते आपल्यापाशी.

म्हणून बी.आर्क.मधली अडचण वास्तुकला परिषदेपुढे लेखी मांडावी, असा ठराव आज करू या. पण तिच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. ठेकेदारांनी सुपरवायझरची कामवही ठेवावी आणि तिच्यावर अभियंत्याची सही घ्यावी; मोजणी, बिलं, गुणवत्ता तपासणी, सुरक्षितता, सगळं तारखेनिशी. महाविद्यालयांनी तीच वही तोंडी परीक्षेला धरावी. बांधकाम व्यवस्थापनाचे संध्याकाळचे वर्ग साडेसहाच्या आत ठेवू नका, पोरं पोहोचणार नाहीत. आणि स्लॅबच्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर असणार, हे प्राचार्यांनी वेळापत्रकात आधीच धरून ठेवावं.